माळ्यावरचा खोका कुणाचा?

बाबांच्या 2005 च्या हिशेबाच्या डायरीत ऑक्टोबर महिन्यात एक ओळ आहे, 'रद्दी, 11 किलो, 66 रु.' त्या अकरा किलोत माझे तिकिटांचे दोन अल्बम होते, काड्यापेटीच्या छापांच्या तीन वह्या होत्या आणि 'किशोर'चे सहा-सात वर्षांचे अंक होते. घराला रंग काढायचा होता, माळा रिकामा करायचा होता, माझं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती आणि रद्दीवाला दारात उभा होता, एवढंच झालं. मला ते कळलं 2007 च्या मे महिन्यात, माहेरी गेले होते आणि सहज अल्बम मागितला तेव्हा. आई म्हणाली, "अगं ते होय, ते कधीच दिलं रंगाच्या वेळी, तुला काय करायचंय आता त्याचं?"

मी काही बोलले नाही. काय बोलणार, चांगली संसारी बाई तिकिटांसाठी रडते म्हणजे काय, असं मलाच वाटलं. पण त्या रात्री झोप लागली नाही आणि आज इतक्या वर्षांनीही मी माहेरी गेले की आधी माळ्याकडे बघते.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे माझ्या ओळखीत दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी हीच गोष्ट सांगतं. कुणाच्या गोट्यांचा डबा, कुणाचे वेताळचे कॉमिक्स, कुणाचे बबलगमबरोबर मिळणारे क्रिकेटरचे फोटो, कुणाच्या कॅसेटी. सांगताना सगळे हसतात आणि हसता हसता डोळे वेगळेच होतात. आणि समोरचा माणूस नेहमी एकच म्हणतो, जाऊदे रे, आईबापच आहेत. हे 'जाऊदे' मला पटत नाही. आईबाप आहेत म्हणूनच तर विचारायला हवं होतं. परक्या माणसाने वस्तू टाकली असती तर आपण भांडलो असतो, इथे भांडताही येत नाही, त्यामुळे आधी विचारायची जबाबदारी त्यांच्यावर जास्त येते असं माझं स्पष्ट मत आहे.

आधी एक गोष्ट बघा, आपल्या घरात काय काय जपून ठेवलेलं असतं. आमच्या त्याच माळ्यावर बाबांच्या 1974 पासूनच्या सगळ्या डायऱ्या आहेत (म्हणून तर ती 66 रुपयांची ओळ मला सापडली). आईच्या लग्नातली पितळेची भांडी आहेत, जी आता कुणी घासत नाही. माझी प्रगतिपुस्तकं आहेत, चौथीच्या स्कॉलरशिपचं सर्टिफिकेट प्लॅस्टिकमध्ये घालून ठेवलंय, माझं पहिलं झबलं आहे, जावळाची पुडीसुद्धा आहे. म्हणजे माझं बालपण त्यांनी टाकलं असं मी म्हणूच शकत नाही, उलट खूप जिवापाड जपलंय. पण त्या जपलेल्या सगळ्या वस्तू त्यांनी मला दिलेल्या, किंवा माझ्याबद्दल त्यांना अभिमान वाटावा अशा. मी स्वतः निवडून, माझ्या डोक्याने, माझ्या हाताने जमवलेली जी एकच गोष्ट होती ती गेली. आणि हे फक्त आमच्याकडे नाही. तुमच्याकडे बघा, मेडल असेल, गॅदरिंगचा फोटो असेल, पण शिंपले असतील का? आईबापांना मुलाचं बालपण हवं असतं, पण त्यांनी पाहिलेलं. मुलाने एकट्याने पाहिलेलं जे असतं ते त्यांच्या नजरेला दिसतच नाही, त्याला ते पसारा म्हणतात.

तो पसारा म्हणजे नक्की काय होतं ते सांगते, कारण ज्यांनी कधी काही जमवलं नाही त्यांना वाटतं की कागद तर होते.

आमच्या शेजारचे काका बँकेत परदेशी व्यवहारांच्या खात्यात होते. ते माझ्यासाठी पाकिटांचे कोपरे कापून आणायचे. मग रविवारी मी वाटीत कोमट पाणी घेऊन ते कोपरे त्यात टाकायचे, दहा-पंधरा मिनिटांनी तिकीट आपोआप सुटून वर यायचं, ते दोन बोटांनी अलगद उचलून वर्तमानपत्रावर पालथं घालायचं, वाळल्यावर जाड शब्दकोशात दाबून ठेवायचं. पहिल्या अल्बमची पहिली चार पानं मी डिंकाने चिकटवली होती, तिकिटं वाकडी झाली, पिवळी पडली, मग काकांनी हिंज, म्हणजे तिकीट लावायचे गोंदवाले छोटे कागद, आणून दिले आणि कसे लावायचे ते दाखवलं. 'मग्यार पोस्ता' नावाचा देश मला नकाशात सापडेना, सापडला तेव्हा तो हंगेरी निघाला. 'हेल्वेशिया' म्हणजे स्वित्झर्लंड, 'सुओमी' म्हणजे फिनलंड, 'नोर्गे' म्हणजे नॉर्वे, हे मला कुठल्या बाईंनी शिकवलं नाही, मी शोधलं. रशियाच्या तिकिटांवर सीसीसीपी लिहिलेलं असायचं, ती रशियन अक्षरं आहेत आणि त्यांचा उच्चार एसएसएसआर होतो हे कळलं त्या दिवशी मी घरभर सांगत फिरले होते.

मग 1990 साली दोन जर्मनी एक झाल्या. माझ्या अल्बममध्ये पूर्व जर्मनीचं वेगळं पान होतं, डीडीआर लिहिलेली वीस-एक तिकिटं. मी अकरा वर्षांची होते आणि दोन दिवस विचार करत होते की आता ही तिकिटं जर्मनीच्या पानावर न्यायची का. शेवटी नाही नेली. पानाच्या खाली पेन्सिलने लिहिलं, 'हा देश आता नाही'. पुढच्या वर्षी रशियाच्या पानाखाली पण तेच लिहावं लागलं. माझ्या आयुष्यात मी कुणालाही न विचारता घेतलेला तो पहिला निर्णय असेल. तो त्या अकरा किलोत गेला. म्हणजे तिकिटं परत विकत घेता येतील हो, पूर्व जर्मनीची तिकिटं आजही स्वस्तात मिळतात, पण ते पेन्सिलचं वाक्य कुठून आणू?

'किशोर'चं पण तसंच. 1971 पासूनचे जुने अंक बालभारतीने ऑनलाइन ठेवलेत, फार मोलाचं काम केलंय, मी स्वतः माझ्या मुलीला त्यावरच वाचून दाखवलेत. मला लोक सांगतात, बघ, मिळालं ना सगळं, मग कशाला रडतेस. अंक मिळाला, पण शब्दकोड्यात मी भरलेली चुकीची अक्षरं आणि भावाने त्याच्यावर काढलेल्या मिशा त्या स्कॅनमध्ये नाहीत.

आता आईबापांची बाजू. ती खरी आहे आणि ती बाजूला सारून काही बोलणं अप्रामाणिकपणा होईल. आपली घरंच केवढीशी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गच्या बीडीडी चाळींमध्ये 160 चौरस फुटाच्या खोलीत शंभर-शंभर वर्षं कुटुंबं राहिली, तिथे एका पोराच्या काड्यापेटीच्या छापांना वेगळं कपाट कुठून देणार. 2025 च्या ऑगस्टमध्ये त्यातल्या वरळीच्या पहिल्या रहिवाशांना 500 चौरस फुटाच्या फ्लॅटच्या चाव्या मिळाल्या, तर तिथेही माळा नाही, वर सगळं प्लॅस्टर. शिवाय कागद म्हटला की कसर आली, वाळवी आली, झुरळं आली, उंदीर आले. सत्तरीच्या बाईने गुडघे धरून स्टुलावर चढायचं आणि ह्युस्टनला राहणाऱ्या मुलाचे खोके पुसायचे, आणि तो मुलगा पंधरा वर्षांत एकदाही त्या खोक्याला हात लावत नाही, हे पण बरोबर नाही. मी अशी मुलं पण बघितलीत. आईबापांचं घर म्हणजे फुकटचं गोडाऊन नाही. ज्याला वस्तू हवी त्याने ती न्यावी, निदान खोक्यावर नाव लिहावं, आणि 'असू दे तिथेच' असं दर वर्षी म्हणू नये.

पण हे सगळं जागेचं बोलणं झालं, आणि माझा मुद्दा जागेचा नाहीच. जागा नाही म्हणून वस्तू जाणं मला समजतं. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा पुण्यात लोकांचं काय काय वाहून गेलं, 26 जुलै 2005 ला मुंबईत तळमजल्याची घरं छातीभर पाण्यात होती, त्यात किती अल्बम, किती फोटो गेले असतील. त्याचं दुःख होतं, पण त्यात अपमान नसतो, कारण पाण्याला विचारता येत नाही. आईला येत होतं. 2005 मध्ये आमच्या दोन्ही घरी फोन होता. रोज रात्री आम्ही बोलायचो, काय भाजी केली तेसुद्धा सांगायचो. त्या आठवड्यात आई मला रंग कुठला लावला ते बोलली, मजुरी किती झाली ते बोलली, अल्बमचं बोलली नाही, कारण ते बोलण्यासारखं काही आहे असं तिला वाटलंच नाही. लागलं ते हे.

आणि मुलींच्या बाबतीत हे जास्त होतं, हे मी ठामपणे म्हणते. माझ्या भावाची बॅट आजही दाराच्या मागे आहे. तो पण लग्न होऊन वेगळा राहतो, पण घर 'त्याचंच' आहे ना, म्हणून त्याच्या वस्तू तिथे राहायला हरकत नसते. मुलगी सासरी गेली की तिची खोली दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाची होते, तिचं कपाट वहिनीचं होतं, आणि तिचा खोका हा आता कुणाचाच नसलेला खोका होतो. सासरी जाताना ती तो नेऊ शकत नाही, नवीन घरात साड्यांच्या बॅगांबरोबर काड्यापेट्यांच्या वह्या घेऊन कोण जाणार, चार लोक काय म्हणतील. माहेरी ठेवला तर तो टाकला जातो. म्हणजे तिच्या बालपणाला दोन घरांपैकी एकाही घरात एक फूट जागा मिळत नाही. भातुकली मुलीची मुलगी खेळेल म्हणून ठेवतात एखाद्या घरात, ती पितळेची असली तर, कारण पितळेला मोड येते.

इथे लोक किमतीचा मुद्दा काढतात. ठेवलं असतं तर आज लाखो मिळाले असते वगैरे. उदाहरणंही आहेत. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत सुपरमॅनचा 1939 सालचा पहिला अंक 91 लाख डॉलरला गेला, आणि तो सापडला कुठे, तर आई वारल्यावर तीन भावांनी तिच्या घराचा माळा साफ केला तिथे, पुठ्ठ्याच्या खोक्यात जुन्या वर्तमानपत्रांखाली. तो अंक त्या आईने आणि तिच्या भावाने लहानपणी घेतलेला होता. आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्स, 1964 ते 1990 निघायची, त्यांच्या मराठी अंकांना आता संग्राहक चांगले पैसे देतात. पण मला हा मुद्दा आवडत नाही, कारण यात आपण हरतो. अशा वस्तू महाग होतात त्याच मुळी बाकीच्यांनी टाकल्या म्हणून, सगळ्यांनी ठेवल्या असत्या तर रद्दीच्याच भावाने गेल्या असत्या. आणि माझ्या तिकिटांना बाजारात फार तर दोन-तीन हजार आले असते. मग दोन-तीन हजाराची म्हणून टाकायला हरकत नव्हती का? वस्तूची किंमत कितीही असो, विचारण्याचा हक्क त्यावर ठरू नये.

कायद्याचं बघायचं तर लहान मुलाच्या मालकीची वस्तू असूच शकत नाही हा समज चुकीचा आहे, अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, मुलाला बक्षीस म्हणून मालमत्ता देता येते आणि ती त्याचीच होते. मिशिगनमध्ये तर चाळिशीतल्या एका मुलाने आईवडिलांवर केस केली, त्यांनी त्याचा संग्रह टाकला म्हणून, संग्रह अश्लील फिल्म आणि मासिकांचा होता, तरीही कोर्टाने 2021 मध्ये आईवडिलांना तीस हजार डॉलरच्या वर भरपाई द्यायला लावली. संग्रह कसला आहे ते आवडो न आवडो, तो ज्याचा त्याचा. मला कोर्टात जायचं नाही, आईबापांवर केस करणं ही कल्पनाही सहन होत नाही. पण न्यायाधीशाला जे दिसलं ते घरातल्यांना कोर्टाशिवाय दिसायला काय हरकत आहे?

आपलं सरकार बघा, टपाल खात्याने 2017 मध्ये दीनदयाळ स्पर्श योजना काढली, सहावी ते नववीच्या ज्या मुलांना तिकिटं जमवायचा छंद आहे त्यांना निवडून वर्षाला सहा हजार रुपये शिष्यवृत्ती. म्हणजे देशाला वाटतं की हा छंद मुलाच्या अभ्यासाचाच भाग आहे. आणि पुण्यात बाजीराव रोडजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपण मुलांना हात धरून नेतो, तिथे काय आहे, अडकित्ते, दिवे, पाय घासायच्या वज्र्या, कंगवे, कुलपं, म्हणजे घराघरात जे अडगळीत पडलेलं होतं ते काकासाहेब केळकरांनी आयुष्यभर वणवण करून गोळा केलं, आणि सात वर्षांच्या वयात गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने ते उभं केलं. तिथे काचेपलीकडे बघून आपण 'काय सुंदर' म्हणतो आणि घरी येऊन मुलीला सांगतो, तो दगडांचा डबा टाक आधी.

आईशी मी हे सगळं बोलले, पण खूप उशिरा, 2016-17 ला, बाबा गेल्यानंतर. मी डायरीतली ती ओळ तिला दाखवली. ती बराच वेळ काही बोलली नाही आणि मग तिने जे सांगितलं ते मला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. सांगलीला लहानपणी तिच्याकडे सिनेमाच्या गाण्यांच्या चोपड्या होत्या, थिएटरच्या बाहेर एक-दोन आण्याला मिळायच्या त्या. पुढे चित्र, आत गाणी, आणि गोष्ट अर्ध्यावर सोडून 'पुढे पडद्यावर पाहा' लिहिलेलं. तिने सत्तर-ऐंशी जमवल्या होत्या, सुईदोऱ्याने शिवून तीन गठ्ठे केले होते, वर खाकी कव्हर. आजोबांनी एक दिवस बंबात घातल्या. मुलीची जात, सिनेमाचं वेड नको म्हणून. पाणी तापलं, तिने त्याच पाण्याने आंघोळ केली आणि शाळेत गेली. हे सांगताना तिला कुठल्या चोपडीचा रंग कुठला ते आठवत होतं, गुलाबी, पोपटी, एक निळी होती आणि तिच्यावर शाई सांडली होती. आज पुण्याच्या फिल्म अर्काइव्हमध्ये अशाच चोपड्या सांभाळून ठेवल्यात, अभ्यासक तिथे जाऊन त्या बघतात.

मी विचारलं, मग तू माझं का टाकलंस, तुला तर माहीत होतं कसं वाटतं. ती म्हणाली, "मला वाटलं मोठं झाल्यावर सगळेच विसरतात." आणि मग म्हणाली, "मी विसरले नव्हते, पण मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय."

यानंतर मला तिच्यावरचा राग धरता आला नाही, पण मत बदललं नाही, उलट पक्कं झालं. एका घरात दोन पिढ्या एकच दुःख मनात ठेवून बसल्या आणि दोघींना वाटलं की हे बोलण्यासारखं नाही. त्यामुळेच हे चालू राहतं.

मला वाटतं पालकांनी एवढं करावं. टाकायच्या आधी फोन करा, फोटो पाठवा, एक तारीख द्या, पुढच्या सुट्टीपर्यंत म्हणा, गणपतीपर्यंत म्हणा. त्या तारखेला मुलगा किंवा मुलगी आली नाही तर खुशाल टाका, मग तक्रार करायचा हक्क त्यांचा नाही, हेही मी तेवढ्याच स्पष्टपणे म्हणते. आणि लहान मुलं घरात असतील त्यांचंही असंच, वय सहा असो नाहीतर सोळा. शाळेत गेलेली असताना, झोपलेली असताना काढून टाकायचं नाही. 'तिला कळणार पण नाही' हे वाक्य मी माझ्या मैत्रिणींच्या तोंडून खूपदा ऐकलंय. कळतं हो. ती बोलत नाही एवढंच, आणि पुढच्या वेळी वस्तू तुमच्यापासून लपवून ठेवायला शिकते.

सध्या आमच्या भागात प्रत्येक गल्लीत रिडेव्हलपमेंट चालू आहे, दर महिन्याला एखादी बिल्डिंग रिकामी होते आणि खाली टेम्पोच्या शेजारी फुटपाथवर ढीग असतो, त्यात ट्रॉफ्या नसतात, वह्या असतात. गेल्या वर्षी समोरच्या बिल्डिंगमधल्या काकूंनी घर सोडायच्या आधी जमिनीवर चादर टाकून मुलाच्या सगळ्या वस्तू मांडल्या आणि त्याला बेंगलोरला चौतीस फोटो पाठवले, मीच काढून दिले, त्यांना व्हॉट्सॲपवर एकदम पाठवता येत नव्हते. ट्रम्प कार्ड, चार आण्याची नाणी (2011 च्या जूनपासून ती बंदच झाली), क्रिकेटची कात्रणं, चिप्सच्या पाकिटातले टाझो, एका डब्यात नुसती पेनांची टोपणं. त्याचा दोन तासांनी फोन आला. त्याला फक्त टोपणांचा डबा हवा होता. का ते त्याने सांगितलं नाही, काकूंनी विचारलं नाही. बाकीचं देऊन टाक म्हणाला, आणि संध्याकाळी रद्दीवाला येऊन घेऊन गेला.